वळणावरचा भोंगा

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं! माझ्या फोर्कलिफ्टला कंठ फुटला. छतावर नवा भोंगा बसवलाय आणि गोदामात पायी फिरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक टॅग. टॅगवालं कुणी चार पावलांवर आलं की इकडे भोंगा बोंबलतो, तिकडे टॅग थरथरतो. माझ्यापुढे खोक्यांची चळत इतकी उंच असते की समोरचं अर्धंच दिसतं. तेव्हा सोयच झाली.

लेबलं चिकटवणारी माझी नणंद दिवसभर मुद्दाम जवळून जात होती. "वहिनी, घरी मी आले की तू ओरडतेस ना, तश्शीच ओरडते गं ही!" आगाऊ कुठली!

५ फेब्रुवारी, गुरुवार

टॅग टांगायची खुंट्यांची फळी कुठे ठोकावी? चहाच्या मशीनशेजारी, ऐन वळणावर! चहाला आलेले लोक टॅग अडकवतात आणि विसरून जातात. मग मी वळले की त्या टांगलेल्या टॅगांवरच भोंगा ठणाणा करतो — चिटपाखरूही नसतं तिथे! आज बारा वेळा ब्रेक मारला. बाराही वेळा खुंट्याच. शेवटी वरचं खोकं धाडकन खाली. सुपरवायझर म्हणाले, "बाई, भिंतीला घाबरता की काय?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले होते.

९ फेब्रुवारी, सोमवार

आता वळणावरचा भोंगा कानाआड करते. सरळ पुढे!

११ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना नणंद मागेच लागली — "फळी हलवा म्हणून लेखी दे ना." देईन गं! पण कायम व्हायला सत्तावीस दिवस उरलेत. इथली पहिली बाई ड्रायव्हर मी. कुठे चुकते याचीच वाट बघत बसलेत मेले. कायम झाल्याचं पत्र एकदा हातात पडू दे, मग बघते एकेकाला.

"आणि तोवर?"

"तोवर थांबत जाईन की दर वेळी," म्हणाले. खोटंच. पण तिचं समाधान झालं आणि माझं जेवण शांतपणे झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभरात एक खोकं पडलं नाही! सुपरवायझर चक्क म्हणाले, "जमलं हो बाई तुम्हाला." घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उद्या तपासणीला मोठे साहेब. फर्मान निघालंय — टॅग गळ्यातच हवा, खुंटीवर एकही दिसता कामा नये. एवढी धावपळ! कधी नव्हे ते फरशीसुद्धा चकाचक.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

खुंट्या रिकाम्या होत्या. तरी वळणावर भोंगा वाजला. मी थांबले नाही.

नणंदेचा पाय दोन जागी मोडलाय. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "टॅग थरथरला ना वहिनी, म्हणून निर्धास्त चालत राहिले. म्हटलं, आता तू थांबणारच."