बोटभर माया

चोआ चू कांग, १८ जून २०१४

प्रिय सुबोध,

एका घरात राहून आईने मुलाला पत्र लिहायचं म्हणजे कमालच! पण तुझा फोन कानावरून हलत नाही, आणि मी तोंड उघडलं की 'आई, नंतर'. म्हणून हे तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत घालतेय. मी इथे परदेशात तुमच्याकडे राहायचं की नाही, त्याबद्दल आहे. मुकाट्याने वाच.

रविवारी तू तुझ्या त्या मित्राशी, निशिकांतशी फोनवर बोलत होतास, मी तिथेच भेंडी चिरत होते. 'वी आर बर्स्टिंग ॲट द सीम्स' म्हणालास. माझं इंग्रजी यथातथाच, पण सीम म्हणजे शिवण एवढं कळतं. तीस वर्षं कर्वेनगरात ब्लाउज शिवलेत. मला वाटलं, मैत्रेयीला शिवलेला परकर उसवला. माझी शिवण, आणि उसवली? दुपारभर तिचे कपडे उलटे करकरून पाहिले, एक टाका निघाला नव्हता. शेवटी तिलाच अर्थ विचारला. तुझी नऊ वर्षांची लेक हसून इथल्या बोलीत म्हणाली, 'हाउस टू फुल लाह, आजी!' पोरीला काय कळतंय, पण माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

घरात माणसं किती, तर तू, विनीता, मैत्रेयी आणि मी. कुणी पाय न ठेवलेलं ते ट्रेडमिल हॉलभर पसरलंय, त्याची नाही बरी अडचण होत!

अरे, कपडा शिवणीवर का उसवतो, ठाऊक आहे? अंग भरलं म्हणून नव्हे, शिवणाऱ्याने आत माया ठेवली नाही म्हणून. बोटभर जादा कापड शिवणीत सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. तुझ्या शाळेच्या चड्ड्या दरवर्षी मी त्या मायेतूनच वाढवल्या. तुझे बाबा गेल्यावर एका खोलीत आपण दोघं, अरुणामावशी आणि तिची दोन मुलं राहिलो. गर्दी झाली म्हणून मी कुणापाशी रडगाणं गायले नाही.

माझ्या इथे राहायच्या पासची मुदत महिनाअखेर संपतेय. ती वाढवायचा फॉर्म तीन आठवडे तुझ्या सहीवाचून पडलाय, आणि तू रोज पुण्याच्या हवेचं कौतुक करतोस. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? ऐक, मी आपणहून जाणार नाही. मला तुमच्यात राहायचंय. सही कर. नाहीतर माझ्यासमोर बस, माझ्याकडे बघ, आणि 'आई, तू जा' असं मराठीत म्हण.

तुझीच,
आई