खोकला नाही, असे सर्वानुमते ठरले

मानवत,
ता. १४ डिसेंबर १९७९

तीर्थरूप माधवमामांस, भाचा उद्धव याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. आपली गुडघेदुखी, मामींचे पित्त आणि जिंतूरच्या दवाखान्यातली गर्दी या तिन्हींचे कसे काय आहे ते सविस्तर कळवावे. (तिसरी वाढली असेल तर आपण कंपाउंडर म्हणून आनंद मानावा की माणूस म्हणून दुःख, हे मला ठरवता येत नाही, दोन्ही थोडे थोडे मानावे.) पत्रास उशीर झाला, कारण बंदमुळे एस.टी. चार दिवस आगारातून हलली नाही.

आमच्या जिनिंग कारखान्यात कर्मचारी स्वास्थ्य समिती स्थापन झाली, ही बातमी आपल्यापर्यंत आली नसेल. आमच्यापर्यंतही ती पाटी टांगल्यावरच आली. वरून कुठल्याशा कचेरीचे पत्र आले की कामगारांच्या तब्येतीकडे पाहणारी समिती पंधरा दिवसांत नेमा. मॅनेजर दिनकररावांनी ती पाच मिनिटांत नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य त्यांचे मेहुणे सूर्यभानजी (तब्येतीकडे पाहायचे तर त्यांच्याकडेच पाहावे लागते, मागचे काही दिसत नाही), आणि चिटणीस मी. मी का, तर माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत. नववीत मला गणिताने सोडले, व्याकरणाने नाही, हे आपण जाणताच. रुईच्या धुळीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या चाळीस बायांपैकी एकही समितीत नाही. त्यांना वेळ नसतो, असे अध्यक्ष म्हणाले. त्यात पाटी रंगवणाऱ्याने ‘स्वास्थ्य’चे ‘स्वस्थ’ केले. मला दोन दिवस जेवण गेले नाही. दुरुस्ती सुचवली तर सूर्यभानजी म्हणाले की एका कान्याने आणि एका ‘य’ने कुणाचा ताप उतरत नसतो. पाटी तशीच राहिली : कर्मचारी स्वस्थ समिती.

पहिल्या सभेत चहा-चिवडा झाला. दुसऱ्या सभेत, पहिल्या सभेतला चिवडा तिखट होता यावर चर्चा झाली. तिसऱ्या सभेत कुठे विषय निघाला की यंत्रांपाशी बाया फार खोकतात. मी भीतभीत सुचवले, तोंडाला बांधायला मलमलीचे फडके द्यावे आणि पत्र्याच्या भिंतीला दोन झरोके पाडावेत. ठरले ते वेगळेच : जो कोणी खोकेल त्याचे नाव यादीत घ्यावे व त्यास विश्रांती द्यावी. विश्रांती म्हणजे फाटकाबाहेर, बिनपगारी. (हे इतिवृत्तात लिहू नकोस म्हणाले, म्हणून आपल्याला लिहितो.)

वही घेऊन मी शेडमध्ये गेलो. बायनाबाई तिथे चौदा हंगाम उभी आहे; घरी दोन पोरी तिच्याच हातावर. मला पाहून तिने खोकला गिळला. डोळ्यांतून पाणी आले तरी गिळला. गिळवेना तेव्हा म्हणाली, “बाबू, माजं नाव ल्ह्याचं तर ल्ही, पर आधी सायबाचं ल्ही. त्यो बिड्या वढून माज्याहून लय खोकायलाय.” मी ठराव काढून पाहिला. ‘जो कोणी’ असेच होते, माझ्याच अक्षरात. ‘जो कोणी’मध्ये अध्यक्ष येत नाहीत असा व्याकरणाचा एकही नियम मला आठवेना. चौथ्या सभेत मी मोजले, दिनकरराव सतरा वेळा खोकले. तेव्हा पहिले नाव त्यांचे घातले, दुसरे बायनाबाईचे, मग बाकीची. त्यांनी यादी न वाचता सही केली; सह्या ते चिवडा खाता खाता करतात. वाचली सूर्यभानजींनी, मोठ्याने, आणि विचारले, “दाजी, तुमाला इस्रांती कवापासून?”

दिनकरराव बोलायला गेले आणि त्यांना खोकलाच आला. पाणी पिऊन त्यांनी नवा ठराव सांगितला, मी लिहून घेतला : सदर कारखान्यात खोकला नाही, असे सर्वानुमते ठरले. यादी फाडली. बायनाबाई यंत्रापाशी राहिली, तशी धूळही राहिली. फडके आणि झरोके रद्द, कारण ज्याला खोकला नाही त्याला फडके कशाला. आता एखादी बाई खोकली की मुकादम ठरावाची आठवण देतो. माझी नोकरी तूर्त शाबूत आहे, कारण ‘सर्वानुमते’ नीट लिहिणारा दुसरा कोणी नाही. पाटीवरचा शब्द बरोबरच होता, मामा. रंगवणाऱ्याला समिती माझ्याआधी कळली.

मामींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
उद्धव

ता. क. : खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या मानवत गाडीच्या कंडक्टरजवळ द्याव्यात. इथले औषधाचे दुकान सूर्यभानजींच्या साडूचे आहे, त्यामुळे ठरावानंतर तिथे मागायची सोय नाही. एक बाटली बायनाबाईसाठी.

ता. क. २ : दुसरी कोणासाठी, हे मामींना सांगू नये, त्या आईला कळवतील. यादीत नावे अठरा होती. खोकणारे एकोणीस. लिहिणाऱ्याने एक गाळले.

ता. क. ३ : बाटलीवर कागद लावू नये. लावणे भागच असेल तर ‘केसांचे तेल’ असे लिहावे, आणि ‘सां’वरचा अनुस्वार विसरू नये.