भुताची आगाऊ सूचना

१ ऑक्टोबर १९६८, मंगळवार. लोरेन, ओहायो.
आजपासून मी काउंटेस ग्रिमाल्दा. शनिवारी दुपारच्या भयपटाची निवेदिका. आधीचे निवेदक मोठ्या चॅनलवर गेले. आमचे मॅनेजर मिस्टर हॅलोरन म्हणाले, लोर्ना, फिल्म कापायला बसतेसच, आता चार शनिवार शवपेटीत बसून बघ. लोक घाबरले तर काम कायमचं तुझं.
घाबरवेन. पण खोटं न बोलता. आठवीपर्यंत बाबांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. तिथे न तपासलेलं वाक्य चालत नसे.

५ ऑक्टोबर, शनिवार
उत्तम झालं. लहान मुलंही बघतात, म्हणून प्रत्येक जाहिरातीआधी पुढचं सांगून ठेवलं. चार मिनिटांनी तळघरातून हात येईल. हात रबरी आहे. हात दहा सेकंद उशिरा आला. मनाला लागलंय.

७ ऑक्टोबर, सोमवार
हॅलोरन म्हणाले, बाई गं, तू भुताची हवाच काढून घेतेस. हवामान सांगणारा डॉन स्तांकिच म्हणाला, माझा पाऊस कधी वेळेवर येत नाही, तुझं भूत मात्र पोस्टमनसारखं येतं. कौतुक म्हणून नोंदवते.
तीन पत्रं आली. एका आजींचं विणकाम माझा कार्यक्रम चालू असताना भराभर होतं म्हणे. एकाग्रता येते, दुसरं काय.

१२ ऑक्टोबर, शनिवार
कवटीतला दिवा साठ वॅटचा आहे, हेही सांगितलं. कॅमेरामन हसत होता. घाबरली की माणसं हसतात. बाबा म्हणाले, एकही चूक नाही. भीती वाटली का, ते मी विचारलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी
हॅलोरननी विनवलं, निदान एकदा तरी गप्प बस. नाही म्हटलं. नोकरीसाठी मुलांना फसवणार नाही. हवी तर शवपेटी काढून घ्या.
फिल्म पाच डब्यांतून बसने आली. डब्यांवरचे आकडे पुसट होते. प्रत्येक रिळाच्या वेळा लिहून घेतल्या, मग रिळं जोडली. जोडल्यावर पुन्हा पाहिली नाही. माझं काम दोनदा तपासावं लागत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार
नीट लिहिते. मी म्हटलं, मुलांनो, आता निवांत बसा, साखरपुड्याची मेजवानी आहे, कोणी मरत नाही. आणि प्रेत उठून थेट कॅमेऱ्यावर आलं. तिसऱ्या रिळाच्या जागी चौथं लागलं होतं. पुढे मी प्रेत येणार म्हटलं तेव्हा सगळे केक खात होते. लोक त्या केकलाही घाबरले.
फोन थांबेनात. एका बाईंच्या हातून पिरोगींचा, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्यांचा, अख्खा तवा निसटला. हॅलोरन नाचतच आले. म्हणाले, वाघीण आहेस, काय फसवलंस गावाला. पुढच्या शनिवारी असंच कर, काम तुझं.

२० ऑक्टोबर, रविवार
मी फसवलं नाही. मी चुकले. हा फरक लोकांना कळला की माझा मान वाढेल, आणि काम तर पक्कंच.

२६ ऑक्टोबर, शनिवार
कॅमेऱ्यासमोर शुद्धिपत्र वाचलं. अकरा मिनिटं. मधे हॅलोरन काचेमागून हातवारे करत होते. भारावले असावेत. फिल्मचा शेवट दाखवायला वेळ उरला नाही, म्हणून तो तोंडी सांगितला.

२८ ऑक्टोबर, सोमवार
हॅलोरननी शवपेटी डॉनला दिली. तो म्हणाला, राग मानू नकोस, उशी मात्र छान निवडली होतीस.
माझ्या सचोटीची दखल घेतली गेली आहे. मला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. रोज पहाटे पावणेसहाला, शेतीच्या बातम्यांआधी, चॅनलच्या चुकांची दुरुस्ती. दोन मिनिटं. डॉनने विचारलं, त्या वेळी बघतं कोण? मी म्हटलं, ज्यांना सत्याची चाड आहे ते.

४ नोव्हेंबर, सोमवार
पहिलं प्रसारण. निर्दोष. घरी येऊन बाबांना विचारलं, कसं वाटलं?
बाबा मला खूश करायला खोटं बोलत नाहीत. म्हणाले, मी उठलोच नव्हतो.