इन्फ्रारेडने पन्नाशीचं बोलावणं

तांपेरे, २ फेब्रुवारी २००२

सॉनाच्या गरम वाफेत, बाकावर फोन विसरलो. स्क्रीन गेली, बटणं जिवंत. आत तीस-चाळीस जिवलगांचे नंबर! तेवीसला माझी पन्नाशी. सगळ्यांना कॉफी-केकला बोलवायचंय. चिंता नाही. लॅपटॉपला इन्फ्रारेड पोर्ट आहे, लिनक्स आहे, मी आहे. नंबर काढणं एका संध्याकाळचं काम.

४ फेब्रुवारी

इन्फ्रारेडचा ड्रायव्हर लोड झाला. एकही एरर नाही! लॅपटॉपला फोन दिसत नाही, ते किरकोळ. फोनचा इन्फ्रारेड अंदाजाने बटणं दाबून सुरू करावा लागतो. अंदाज चुकला, सासूबाईंना फोन लागला. कोण गेलं म्हणून विचारत होत्या. मी एरवी फोन करत नाही म्हणे.

७ फेब्रुवारी

दोष ट्यूबलाइटचा. तिच्या उजेडात किरण गोंधळतात. घरभर अंधार केला. ऐला कपड्यांची टोपली घेऊन माझ्या अंगावर पडली. म्हणे, काउको, पाहुणे बोलवायचेत की दरोडा घालायचाय? बावीस वर्षं संसार केला, पण बायकोला विज्ञानाची गोडी लावता आली नाही.

१० फेब्रुवारी

जिन्यात शेजारचा उर्पो. म्हणे, माझ्याकडे विंडोज आहे, केबल आहे, दे इकडे, कॉफी निवायच्या आत काढून देतो. मी तत्त्वाचा प्रश्न आहे असं सांगितलं. म्हणे, मग वाढदिवसाला तत्त्वांनाच बोलाव.

१३ फेब्रुवारी, सकाळ

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्याने बनवला. लॅपटॉपचा आवाज गेला. प्रिंटर गेला. इन्फ्रारेड होता तसाच. म्हणजे निदान तो भाग स्थिर आहे.

१६ फेब्रुवारी

लॅपटॉप खोलला. पोर्टच्या लाल खिडकीमागे काहीच नाही! चिप महागड्या मॉडेलात, आमच्यात नुसती खिडकी. ऐला हसून हसून जमिनीवर बसली. मी शांतपणे सांगितलं की माझा ड्रायव्हर निर्दोष होता, हे आज सिद्ध झालं.

१७ फेब्रुवारी

ऐलाने सिमकार्ड काढलं, स्वतःच्या फोनमध्ये घातलं. झालं. नंबर आले. ऐला. ऐला ऑफिस. सासूबाई. दातांचा डॉक्टर. हवामान. बँककार्ड हरवल्याची तक्रार.

बाकीचे फोनच्या मेमरीत असणार, असं मी म्हटलं. टोमण्याशिवाय श्वास न घेणारी बाई गप्प बसली, त्याचं मला फार वाईट वाटलं.

१९ फेब्रुवारी

पेपरात छापायला दिलं: काउको रांतालाइनेन, पन्नासाव्या वाढदिवशी प्रवासात. पाहुणे टाळायचे असले की इथे सगळे असंच छापतात. गर्दीचा प्रश्न मिटला.

२३ फेब्रुवारी

पडदे ओढून बसलो. ऐलाने केक मोठाच केला होता, का कोण जाणे. बेल वाजली नाही. जाहिरातीचा परिणाम. नाहीतर खालच्या दारापर्यंत रांग लागली असती.

दुपारी कुलपात किल्ली फिरली. मी टेबलाखाली. आमची एक किल्ली उर्पोकडे असते. पेपर वाचून, झारी घेऊन, कुंड्यांना पाणी घालायला आला होता. वाकून टेबलाखाली बघितलं. म्हणे, आलास होय प्रवासाहून? हॅपी बर्थडे. मग खुर्ची ओढून बसला. केक दोनदा मागून घेतला, कॉफी तीनदा. अंधार पडेपर्यंत हलला नाही. विंडोजचा विषयसुद्धा काढला नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

जाताना त्याचा फोन नंबर विचारला. कागदावर लिहून घेतला.