अर्ध्यावर उतरवलेलं निशाण

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचलं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडितांनी माझ्या नातीला पुरतं पिडलेलं दिसतंय. राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा रूढीतून आला की माणसाच्या बुद्धीतून? तुझ्या बाई म्हणतात, एक बाजू धर. तू म्हणतेस, धरवत नाही, प्रबंधच सोडते. अगं, तोंडी परीक्षा गुरुवारवर आली आणि सोडते म्हणे!

मला ते ग्रंथ कळायचे नाहीत. मी बंदराच्या मनोऱ्यावर निशाणं चढवणारा-उतरवणारा माणूस. शाळेत पाठ केलेली समुद्राची कविता गुणगुणत उभा असायचो. तुझी आजी म्हणायची, यांना जहाजाआधी यमक दिसतं. पण आमच्या बंदराची एक रीत मी जन्मभर पाळली. निघालेलं जहाज निशाण अर्ध्यावर उतरवून मान द्यायचं, मनोऱ्यानं तसंच उत्तर द्यायचं. हे कुणी ठरवलं, देव जाणे.

एकदा शेजारच्या देशाशी युद्ध आज पेटतंय की उद्या, अशी हवा होती. त्यांचं धान्याचं जहाज मुकाट बाहेर निघालं आणि मनोऱ्यासमोर येताच त्यानं निशाण उतरवलं. माझा हात सवयीनं दोरीला गेला. आमचे बंदराचे साहेब खेकसले, शत्रू आहे तो, आधी वर विचारू. हात थांबला. खरंच थांबला गं. मग मनात आलं, उद्या आपलं जहाज त्यांच्या बंदरातून निघेल, तेव्हा तिथंही कुणी असाच दोरी धरून उभा असेल. आणि मी निशाण खाली घेतलं. साहेबांनी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला, ते सोड. पण हात दोरीपर्यंत नेला रूढीनं आणि दोरी ओढायला लावली बुद्धीनं. दोघींपैकी एकटीच्या बळावर निशाण हललं असतं का? परीक्षकांना हेच सांग की!

आता मुद्द्याचं. वकिली सोडून तू या ‘हवेतल्या विषयामागे’ गेलीस, तेव्हापासून तुझ्या बाबानं तोंड शिवलंय, तूही. लहानानं आधी नमायचं ही आपल्या घरची रूढी. तू हट्टी, तर तो तुझा बाप! पण काल त्यानं ठेवणीतला कोट इस्त्रीला दिला आणि मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की अशी परीक्षा ऐकायला बाहेरच्यांना बसू देतात का. गुरुवारी तो मागच्या बाकावर असेल. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करेल, बोलणार नाही. पण मोठ्या जहाजानं आधी निशाण उतरवलंय, पोरी. उत्तर द्यायला तू तिथं असायला हवीस.

तुझाच,
मनोऱ्यावरचा आजोबा