तुझ्या बाजूच्या फांद्या

ताइस्तोस,

तळ्यावरचा बर्फ काळा पडलाय, आता फुटायला आलाय. बर्फावरची हिवाळी वाट बंद करायला म्हणून मी तिच्या खुणेच्या फांद्या उपटत मध्यापर्यंत जाणार होते, नेहमीसारखी. पुढची अर्धी वाट तुझी. पण यंदा तुझ्या फांद्या कोण काढणार? त्या बघून कुणी गाडी घातली तर थेट तळाशी जाईल. म्हणून त्याही मीच काढायच्या ठरवल्या.

पोस्टमन रेइयो म्हणाला, "हिल्काताई, वेड लागलंय का? भाऊ असता तर शिव्या घातल्या असत्या त्याने."

"बरं झालं असतं. जाळ्यांवरून भांडल्यापासून तो शिवीसुद्धा देत नव्हता."

शेवटची फांदी तुझ्या अंगणासमोर उपटली. मागे वळून पाहिलं तर माझ्या पावलांच्या ठशांत पाणी भरलं होतं. आता पाणी मोकळं होऊन कुणी होडी आणेपर्यंत परत जाणं नाही.

दाराला झाडू टेकवलेला होता, घरात कुणी नाही हे सांगायला आपण टेकवतो तसा. इस्पितळात जाताना तूच ठेवला असशील. तुला पुरल्यावरही तो कुणी हलवला नव्हता.

मी थोडा वेळ पायरीवर बसले. मग झाडू उचलून आत नेला आणि चूल पेटवली.

तुझ्याच टेबलावरून,
हिल्का