शीट चौदा-पंधराचा जोड

१४ जुलै, सोम.
पहाटे वहिनीचा फोन. "वसू, किचनमध्ये गॅसची टाकी तरंगतेय गं." सुट्टी टाकून गेले. टेम्पोवाल्यानं पुलाशीच उतरवलं, पुढे यायला तयार नाही. कॉलनीत गुडघ्याच्या वर पाणी, काळं, वास मारणारं. मागच्या वर्षी अंगणापर्यंत आलं होतं, या वर्षी देवघरात. दादा पलंगावर उभा राहून पुस्तकं माळ्यावर टाकत होता. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. म्हणाला, "नालियाँ साफ करत नाहीत हे लोक, बाकी काही नाही."
बाकी काही नाही. मी पण हो म्हटलं.

१६ जुलै, बुध.
पाणी उतरलं. ऑफिसात चहा देणारी रामकली दोन दिवसांनी आली. ती दादाच्या कॉलनीच्या खालच्या बस्तीत राहते. तिच्या शेजारचा म्हातारा गेला. लकव्याचा आजारी, खाटेवरून उठता येत नव्हतं. बायको मदतीला माणसं बोलवायला गेली, परत येईपर्यंत खाट पाण्याखाली.
"पहले पानी नाले से निकल जाता था, मैडमजी. ऊपर कॉलनी बनी, तब से सीधा हमारे घर में आता है."
मी चहा न पिता तसाच ठेवला. कोणता नाला, हे विचारलं नाही.

२१ जुलै, सोम.
नव्या मास्टर प्लॅनचा कच्चा नकाशा आज आमच्या नगररचना ऑफिसच्या हॉलमध्ये लागला. तीस दिवस लोकांनी बघायचा, आपत्ती म्हणजे हरकती लिहून द्यायच्या, मग सुनावणी. या वेळचं काम उपग्रहाच्या चित्रावरून, बाहेरच्या कंपनीनं केलेलं. आम्ही हातानं नकाशे काढणारे आता रेकॉर्डच्या कपाटांना राखण.
गर्दी ओसरल्यावर बघितला. कॉलनीवरून एक हिरवा पट्टा गेलाय. नाला आणि त्याचे दोन्ही काठ, बांधकामाला मनाई. साधारण चाळीस घरं त्यात येतात. दादाचं बरोबर मधोमध.
जुन्या योजनेत तिथे पिवळा आहे. पिवळा म्हणजे राहण्याची जमीन. तो पिवळा माझ्या हातचा आहे.

२२ जुलै
दादाला कळवलं. आधी हसला. "इतक्या साऱ्या लोकांचे मकान थोडीच तोडतात?" मग म्हणाला, "पण तू बघून दिलं होतंस ना?"
हो. अकरा वर्षांपूर्वी. प्लॉट घ्यायच्या आधी ऑफिसात आला होता, सोबत वहिनीनं दिलेल्या करंज्या. मी शीट काढली, बोट ठेवलं, पिवळा आहे म्हटलं. "मग पक्कं," म्हणाला आणि करंज्यांचा डबा उघडला. इतकंच. पाच मिनिटं सुद्धा नाही.

१९ ऑगस्ट, मंगळ.
उद्या शेवटची मुदत. कॉलनीची आपत्ती दादानंच लिहिली, सगळ्यांच्या सह्या घेऊन आज जमा केली. अक्षर फळ्यावरच्यासारखं. मुद्दा एकच: जुन्या योजनेत जमीन निवासी होती, तेव्हा इथे नाला नव्हता, आता कुठून आला?
बरोबर मुद्दा आहे. गणिताच्या मास्तराचा. यावरच सगळं उभं आहे.

२६ ऑगस्ट
साहेबांनी बोलावलं. सक्सेना साहेब, तसा सज्जन माणूस, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेला. "मैडम, कॉलनीवालों का कहना है नाला था ही नहीं. पुराने लोगों में आप ही बची हैं. मूळ शीट देखकर एक नोट लिख दीजिए, था कि नहीं था." 'मूळ' हा एकच मराठी शब्द त्यांनी माझ्याकडून उचललाय.
त्यांना ठाऊक नाही माझा भाऊ तिथे राहतो. सांगायला हवं होतं. फाइल उचलून बाहेर आले.

२७ ऑगस्ट
कपाट उघडलं. शीट चौदा माझी, शीट पंधरा शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समन तिवारीजींची. ते वारले त्याला सात वर्षं झाली.
दोन शीटच्या मध्ये जोड असतो. कडेची पट्टी दोन्ही शीटवर येते, म्हणून ती नेमकी कोणी काढायची यावरून भांडणं व्हायची. शेवटी हेड ड्राफ्ट्समननी नियम घालून दिला होता: जोड उत्तरेच्या शीटवाल्यानं काढायचा. उत्तरेची चौदा. म्हणजे मी.
जोडावर काही नाही. नाला वरून येतो, माझ्या शीटच्या कडेपाशी पेन्सिलीत येऊन थांबतो. पंधरावर बरंच खाली पुन्हा सुरू होतो, शाईत. मधलं कोरं होतं आणि कोऱ्यावर दोन्हीकडचा पिवळा ओढून घेतलाय.
बाहेर कोणीतरी जोरजोरात फोनवर बोलत होतं. मी दोन्ही शीट परत कपाटात ठेवल्या.

१ सप्टें., सोम.
महालक्ष्म्या दादाकडे. दरवर्षीसारख्या. भिंतींना पाण्याची रेघ कंबरेपर्यंत, तिच्यावर वहिनीनं भरजरी पडदा लावून महालक्ष्म्या उभ्या केल्या. सोळा भाज्या, पुरण, सगळं साग्रसंगीत. "पुढच्या वर्षी कुठे बसवायच्या, त्यांनाच विचारते," म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.
तिथे बसल्या बसल्या लख्ख आठवलं. शीट चौदा काढली त्या वर्षी सुद्धा महालक्ष्म्याच होत्या. पिवळा भरून झाला होता, जोडावरचा नाला उद्या काढू म्हणून पेन्सिल ठेवली आणि तीन दिवसांच्या सुट्टीवर गेले, वहिनीच्या हाताखाली, जुन्या भाड्याच्या घरात. परत आले तर शीटा छपाईला भोपाळला गेलेल्या. तिवारीजींना विचारलं, जोडाचं काय? म्हणाले, "अरे हो गया होगा. नाला है, कहीं भाग थोड़े रहा है."
मी पुढे विचारलं नाही. झाकली मूठ. आणि दादा करंज्या घेऊन आला त्या दिवशी हे आठवलं नव्हतं, की आठवून घेतलं नव्हतं? हे मला आता ठरवता येत नाहीये.

४ सप्टें.
नोट लिहिली नाही. साहेबांनी विचारलं, शीट जीर्ण झाल्यात, सांभाळून उघडाव्या लागतात म्हटलं.
लिहायचं काय? "नाला दर्शविलेला नाही" एवढंच लिहिलं तरी खोटं नाही. शीटवर खरंच नाही. कॉलनी वाचेल. पाणी येत राहील, दादाकडे आणि मग खाली. रामकली रोज अकराला चहा ठेवून जाते. मी तिच्याकडे बघत नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

८ सप्टें., सोम.
लिहिली. चार ओळी. नाला जागेवर होता, जोडावर काढायचा राहिला, शीट चौदा मी केली होती, अर्जदारांपैकी एक माझे सख्खे भाऊ आहेत. सही.
साहेबांनी दोनदा वाचली. "आप मार्च में रिटायर हो रही हैं ना?" हो. "सोच लीजिए." सोचलं, म्हटलं. त्यांनी फाइल बंद केली.
दादाला आज सांगायचं होतं. फोन हातात घेतला, मेथी निवडली, परत घेतला. वहिनीनं उचलला तर काय, म्हणून नाही केला. भित्री आहे मी.

१३ सप्टें.
दादा आला. ऑफिसातून अर्ज देऊन जुन्या नकाशाची कॉपी काढलीये, खुशीत. मी सांगायला तोंड उघडणार तोच कोपऱ्यातल्या माझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ. हाच माझा पुरावा." चहाचे दोन कप झाले. जाताना दारात म्हणाला, आई असती तर तिला किती अभिमान वाटला असता.

१८ सप्टें., गुरु.
सुनावणी. कॉलनीचा नंबर जेवणाच्या आधी. दादा इस्त्रीच्या शर्टात, हातात नकाशाची गुंडाळी.
"साहब, ये पुराना नक्शा. ज़मीन पीली है. और ये नीचे दस्तख़त देखिए. मेरी छोटी बहन है, यहीं बैठी है. पूरी ज़िंदगी नक्शे बनाए हैं इसने, एक लाइन इधर की उधर नहीं हुई."
नोट फाइलमध्ये होती. साहेब वाचून दाखवू शकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मैडम, आप कहेंगी?"
उभी राहिले. मैं तीन दिन छुट्टी पर गई थी, वो जोड़ मुझसे छूटा था, नाला वहाँ था, ग़लती मेरी है. दादानं सगळ्यांसमोर मराठीत विचारलं, "काय म्हणालीस?" मग तेच मराठीत सांगितलं. हिंदीत एका दमात जमलं होतं, मराठीत दोनदा अडखळले.
त्यानं नकाशा नीट गुंडाळला, रबर लावलं आणि बाहेर गेला. मागून कोणीतरी, "घर का भेदी." बरोबरच आहे.

३० सप्टें.
मला कारणे दाखवा नोटीस. अपेक्षितच. प्रकरण निर्णयासाठी भोपाळला. कधी येईल, काय येईल, कोणी सांगू शकत नाही. दादाचा फोन बंद. वहिनीनं एकदाच उचलला, म्हणाली, "ते जेवून झोपलेत." सकाळचे दहा वाजले होते.

२३ ऑक्टो., भाऊबीज
येणार नाही असं धरून चालले होते. तरी अनारसे केले. दुपारी बारा वाजता आला. वाळलाय. पाटावर बसला, ओवाळलं.
अनारसा खात, माझ्याकडे न बघता बोलला. घराला गिऱ्हाईक आलंय. मुरैन्याचे एक रिटायर फौजी आणि त्यांची बायको. प्लॅन-बिन काही माहीत नाही त्यांना. उद्या ऑफिसात येतील तुझ्याकडे, मीच सांगितलंय, माझी बहीण तिथे आहे, तिला विचारा.
"तू खोटं बोलू नको. फक्त म्हण, चालू नकाशात पिवळी आहे. आज तरी आहेच ना? नवा कुठे पास झालाय?"
मी म्हटलं, "दादा, आणि त्यांचं काय?"
"माझं काय झालं, ते विचारलंस?" आवाज चढवला नाही. "तुझ्या एका सुट्टीत माझी म्हातारपणाची सोय गेली, वसू. मी कधी बोललो? आज एवढंच मागतोय."
ताटात ओवाळणी ठेवली. जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. मी वरून बघत राहिले, फार रडले.

२४ ऑक्टो., शुक्र.
अकराला आले दोघं. फौजी ताठ, कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. बायको साधी, डोक्यावर पदर. मला नमस्कार केला, मास्टरजींची बहीण म्हणून. त्यानं विचारलं, "मैडम, पीला है ना?" मी चालू नकाशा दाखवला. पिवळा आहे म्हटलं. तो म्हणाला, ठीक है.
तो उठलाच होता. बायको बसून राहिली. "दीदी, दीवारों पे नया पेंट है. वहाँ पानी-वानी तो नहीं भरता?"
एक मिनिट थांबा म्हटलं, आणि रेकॉर्डरूममध्ये येऊन हे लिहितेय. दहा मिनिटं झाली असतील. दादाचे दोन मिस्ड कॉल आहेत. रामकलीनं त्या दोघांना चहा दिलाय, दारातून दिसतंय. ती तिथेच, हात कंबरेपाशी आडवा धरून त्या बाईशी काहीतरी बोलत उभी आहे.